रंग उडालेलं घर आणि पाया हललेलं घर

आजचा विषय अगदी घरगुती आहे. कुणीतरी राहून गेलेलं, जुनं घर विकत घेताना काय बघायचं आणि कशाकडे सरळ काणाडोळा करायचा, एवढ्याबद्दलच बोलू. बांधकाम तपासणीच्या कामात असल्यामुळे लोक आम्हाला घर बघायला घेऊन जातात. अडचण एवढीच की बहुतेक जण नेतात ते इसार देऊन झाल्यावर. मग आम्ही भिंतीवर नुसती टकटक केली तरी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. तेव्हा हे बोलणं इसार देण्याच्या आधीच्या लोकांसाठी आहे असं समजा.

सोलापुरात जुन्या घरांचा बाजार सध्या का हलतोय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेली; आई-वडील गेले की इथलं घर विकायला निघतं. घेणारा कोण? शिक्षक, एसटीतला कर्मचारी, टॉवेल-चादरीच्या कारखान्यातला कामगार, छोटा दुकानदार. त्याच्या हाताशी आयुष्यभराची बचत, बायकोचे दागिने आणि वर कर्ज. या माणसाला दुसऱ्यांदा घर घेण्याची संधी मिळत नाही. घर म्हणजे या शहरात काय चीज आहे हे बघायचं असेल तर कुंभारीला जाऊन या. आधी विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची. पुढे रे नगर. १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. अशा चार भिंतींसाठी लोक वर्षानुवर्षं संघर्ष करतात.

आता माणूस घर बघायला जातो तेव्हा काय होतं ते सांगतो. दारातून आत पाऊल टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच मनात होय किंवा नाही ठरलेलं असतं. आणि ते ठरतं कशावर? भिंतीचा पोपटी रंग, स्वयंपाकघरातली काजळी, मोरीतल्या फुटक्या फरश्या, आधीच्या भाडेकरूने ठोकलेले पन्नास खिळे, बंद घराचा कोंदट वास. पुढचा अर्धा तास आपण फक्त त्या निर्णयाला कारणं गोळा करत असतो. उलट बाजूला नवा ऑफव्हाइट रंग, छताला पीओपी, त्यात लपवलेले दिवे, दारावर लॅमिनेट. मन प्रसन्न. आमचा अनुभव असा, की ज्या घरात सगळंच एकदम नवीन रंगवलेलं आहे तिथं आम्हाला जास्त वेळ लागतो. कारण घर बोलत असतं ते त्याच्या डागांतून. डागच पुसले तर विचारायचं कुणाला?

दोन घरं समोर ठेवतो. पत्ते सांगत नाही. एक होतं पूर्व भागात. पुढच्या खोलीत अनेक वर्षं यंत्रमाग चाललेले. फरशी तेलाने काळी पडलेली, जमिनीत माग बसवायचे बोल्ट तसेच, वरच्या कोळिष्टकांत सुताची धूळ अडकून त्याचे काळे झुपके लोंबत होते. सहा-सात गिऱ्हाईकं दारातूनच परत गेली होती. आम्ही बघितलं तर जोतं चांगलं उंच, पाया मुरमापर्यंत नेलेला, स्लॅबला कुठं ओल नाही, दाराची चौकट काटकोनात. मागाच्या हादऱ्यांमुळे भिंतीला काही झालंय का हे बघायला दोन भिंतींचा सांधा पूर्ण तपासला; गिलाव्याला केसासारख्या भेगा होत्या, वीटकामाला नव्हत्या. तेलकट फरशी काढून नवी टाकायची, भिंती खरडून घ्यायच्या, वायरिंग नवीन करायचं. काम दीड-दोन महिन्यांचं.

दुसरा होता फ्लॅट, जुळे सोलापूरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. एकदम चकाचक. पीओपीचं खोटं छत हॉलमध्ये होतं ते ठीक, पण तेच पॅसेजमध्ये आणि बाथरूमच्या बाहेरच्या चौकातही होतं. एवढ्याशा जागेत खोटं छत कशाला? विक्रेत्याची परवानगी काढून एक दिवा उतरवला आणि त्या भोकातून मोबाईलच्या उजेडात वर बघितलं. वरच्या बाथरूमचं पाणी मुरून स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगलेल्या. खाली पांढरंशुभ्र पीओपी, वर हे असं.

या दोन घरांतल्या फरकाला साधं माप आहे. दोष घालवायला कुणाला बोलवावं लागेल ते विचारा. रंगारी, फरशीवाला, सुतार किंवा प्लंबर पुरेसा असेल तर तो वरवरचा दोष. इंजिनिअर आणि वकील लागणार असतील तर तो आतला. पहिल्या प्रकारच्या दोषाने भाव पडत असेल तर आनंद माना. दुसऱ्या प्रकाराला मात्र पन्नास हजारांची सूट घेऊन गप्प बसू नका.

आता सोलापूरचा खास विषय, काळी माती. आपल्या शहराखाली सगळीकडे दख्खनचा काळा पाषाण आहे, त्यावर मुरूम, आणि मुरमावर कुठं हातभर तर कुठं पुरुषभर काळी माती. ही माती ज्वारीला सोनं आहे आणि घराला वैरी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगा आपण सगळ्यांनी बघितल्यात, पाय जाईल एवढ्या. तीच हालचाल घराच्या पायाखाली चालते. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून कडा उचलते, उन्हाळ्यात सोडून देते. पाया मुरमापर्यंत गेला असेल तर वरची माती काय करायची ते करू दे, घर बसून राहतं. पैसे वाचवायला पाया काळ्या मातीतच थांबवला असेल तर घर दरवर्षी थोडंथोडं श्वास घेतल्यासारखं हलतं. अशा मातीसाठी खाली फुगीर टोक असलेले पाइल वापरायची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रुजवली. पण आपल्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घराला कुणी पाइल घातलेत? तिथं चर किती खोल खणला होता हाच प्रश्न.

तो चर आता दिसत नाही, मग ओळखायचं कसं? भेगांवरून. भेगा वाचायला शिकलात तर अर्धी तपासणी तुम्हीच करू शकता. गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर त्या सिमेंट भराभर सुकल्याच्या. आपल्या उन्हात पाणी कमी मारलेला गिलावा असाच तडकतो. त्याला घाबरू नका. वीटकाम आणि कॉलम-बीम जिथं भेटतात तिथं सरळ, पट्टीने आखल्यासारखी भेग असेल तर दोन वेगवेगळ्या वस्तू ऊन लागल्यावर वेगवेगळ्या ताणल्या गेल्यात, एवढंच. जाळी मारून गिलावा केला की झालं. पण भेग तिरपी असेल, विटांच्या सांध्यासांध्यातून पायऱ्या पायऱ्यांनी चढत असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून छताकडे किंवा जोत्याकडे जात असेल, वर रुंद आणि खाली अरुंद किंवा त्याच्या उलट असेल, तर पाया हललाय. आता त्याच ठिकाणी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जा. भेग बाहेरूनही त्याच जागी दिसली म्हणजे ती आरपार आहे. एक रुपयाचं नाणं कडेने आत जातंय का बघा. गेलं तर लगेच व्यवहार मोडायला नको, पण पुढचा पैसा देऊ नका.

मग प्रश्न, ही भेग जुनी की अजून चालू आहे? आत धूळ, कोळ्याचं जाळं, जुन्या रंगाचा थर दिसला तर ती बऱ्याच वर्षांची आणि बहुधा थांबलेली. कडा ताज्या, स्वच्छ दिसल्या तर चालू. पक्की खात्री हवी असेल तर जुनी युक्ती आहे: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवायची आणि तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. अर्थात त्याला काही महिने लागतात, निदान एक पावसाळा. विक्रेता एवढा थांबेल असं नाही. तेव्हा दारं-खिडक्यांना विचारा. सगळी दारं एकेक करून लावा आणि उघडा. चौकटीत अडकणारं, खालून नुकतंच रंधलेलं दार बरंच काही सांगतं. आणि शेजाऱ्याला विचारा. त्याच्याही भिंतीला त्याच बाजूने तडे असतील तर कारण मातीत आहे.

घराभोवती फिरायला विसरू नका, लोक आतच घुटमळतात. जोत्याला लागून फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा आहे का, त्याचा उतार बाहेर आहे का, गच्चीची पन्हाळ कुठं पडते, सांडपाण्याचा चेंबर भिंतीला चिकटून आहे का, हे बघा. काळ्या मातीला सर्वांत वाईट म्हणजे एका कोपऱ्यात रोज पाणी आणि बाकी सगळीकडे कोरडं. नुसता फुटका पाइप दुरुस्त करून, बाजूने उताराचा पट्टा घालून घर पुढे हलायचं थांबलेलंही आम्ही बघितलंय. म्हणजे भेग आतल्या दोषाची असली तरी इलाज कधी कधी स्वस्त निघतो. म्हणूनच तर घाबरून पळू नका म्हणतो.

जुन्या पेठांत माळवदाची घरं अजून आहेत. दगडी भिंती, सागवानी तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात यांच्यासारखा गारवा नाही. पण इथं थोडं गंभीरपणे बोलायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, इथून शंभर किलोमीटरच्याही आत. सोलापुरात लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते, इथं बसलेल्या काहींना आठवत असेल. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. तीव्रता ६.२ च्या आसपास, जगात याहून मोठे भूकंप कितीतरी होतात. माणसं गेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, मध्ये गाळ भरलेला, आणि डोक्यावर दरवर्षी मातीचा नवा थर देत देत जड झालेलं माळवद. ते घर बाहेरून देखणं होतं, भरभक्कम वाटायचं.

तेव्हा असं घर घेताना काजळलेल्या तुळया बघून नाक मुरडू नका, ती काजळी ब्रशने निघते. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथं सुरीचं टोक खुपसून बघा. लाकूड मऊ लागलं, भुसा पडला, किंवा भिंतीवरून मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी. भिंतीला पोट सुटलंय का हे ओळंबा लावून बघा. पोट सुटलेल्या दगडी भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर सुटा झालेला असतो. तिला वरून गिलावा देणं म्हणजे आजारी माणसाला नवा सदरा. आडवे बांधून घेणारे लांब दगड भिंतीत आहेत का, माळवद किती जाड आहे, ते हलकं करता येईल का, यासाठी माणूस न्यावाच लागेल. आणि एक चूक फार बघतो: मातीच्या भिंतीला लोणा लागला, म्हणजे कंबरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा क्षार फुलून पोपडे पडले, की लोक तिथं कडक सिमेंटचा गिलावा मारतात. ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा भिंतीला वाळू देतो.

आता स्लॅबच्या घरांबद्दल. मुंबईत सळया समुद्राच्या हवेने गंजतात. आपल्याकडे हवा कोरडी, इथं मारेकरी म्हणजे वरचं बाथरूम आणि गच्ची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. छतावर तपकिरी रेघ सळईच्या सरळ दिशेने दिसत असेल तर ती नुसती ओल नव्हे. काठीने हळूच ठोका. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला तर थर सुटलाय. गोल पिवळट डाग आहे, आवाज भरीव आहे, हात लावला तर कोरडं, तर मागच्या कधीतरी गळलेल्या पाण्याचा तो डाग. रंग दिला की गेला. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. महापालिका कायद्यातच तीस वर्षांनंतर ही तपासणी सांगितली आहे. सोसायटी सांगते, ‘आम्हाला गरज वाटली नाही.’ बरं, मग ती गरज तुमच्या पैशाने भागवा, पण व्यवहाराच्या आधी.

फरशीवरून मात्र लोक उगाच घरं नाकारतात. जुनी शहाबादी काळपट दिसते, मान्य. पण ती आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली, पायाला गार, आणि घासून पॉलिश केली तर आणखी दोन पिढ्या चालेल. ती उखडून गुळगुळीत टाइल टाकायची हौस ज्याची त्याने करावी. तसंच बिनगिलाव्याच्या विटांचं. लॉरी बेकर यांनी केरळात आयुष्यभर उघड्या विटांची घरं बांधली, आज लोक ती बघायला जातात. आपल्याकडे तीच वीट दिसली की ‘काम अर्धवट आहे’.

दक्षिणमुखी घराचं काय, हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. ज्यांची नाही त्यांच्यासाठी ती सरळ सवलत आहे. फक्त उद्या विकताना समोरचाही तीच सवलत मागेल हे धरून चाला. आमचं लक्ष पश्चिमेकडे असतं. उघडी पश्चिम भिंत, वर बिनआच्छादनाची गच्ची, आणि मे महिन्यात ४३-४४ अंश. घर एकदा दुपारी तीन-चारला बघा. दलाल सकाळी दहालाच का बोलावतो ते कळेल.

पाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. उजनीतून शंभरावर किलोमीटर पाइपने येतं आणि आपल्याला मिळतं काही दिवसांआड. म्हणून जमिनीतला हौद किती लिटरचा, तो गळतो का, नळाला दाब किती, आणि पाणी रात्री किती वाजता येतं, हे शेजारणीला विचारा. घरमालक सांगेल त्यापेक्षा ती खरं सांगेल. शक्य असेल तर पाण्याच्या वाराला जा.

आता कागद. भिंतीच्या दोषाला निदान पैसा लावून इलाज आहे. कागदाच्या दोषाला कधी कधी पैसा लावूनही नाही. हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या भागांत गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागांवर पुष्कळ घरं उभी आहेत. त्यातली कित्येक नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर हातोहात विकली गेली. नोटरीने मालकी येत नाही. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. गुंठेवारी नियमित करायला २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवाऱ्याही त्यात आणल्या; पण ‘होऊन जाईल ओ नियमित’ हे तोंडी आश्वासन आणि हातातला आदेश यांत फरक आहे. ‘घरपट्टी आमच्या नावावर आहे’ हेही फार ऐकतो. घरपट्टी कर वसूल करायला असते, मालकी ठरवायला नसते. सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा, बांधकाम परवाना, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च, बँकेचा बोजा, आणि वारस. वडिलांच्या नावावरच्या घरात दोन बहिणी असतात आणि विकायला एकटा भाऊ उभा असतो. बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदवलेली दाखवा म्हणा.

कायद्याचं एक कलम आजच्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५. त्यात विक्रेत्यावर बंधन आहे की मालमत्तेतला किंवा हक्कातला असा महत्त्वाचा दोष, जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता, तो त्याने सांगितला पाहिजे. शब्द नीट ऐका: साधारण काळजी घेऊनही सापडला नसता. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं ते बघायची जबाबदारी तुमची. पुढे कोर्टात ‘तडा दिसला होता पण आम्ही रंगाकडे बघत होतो’ असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही सांगतो, प्रश्न लिहून विचारा: गळती झाली होती का, कधी, काय दुरुस्ती केली, कुठला वाद चालू आहे का. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तरी चालेल, उत्तर राहतं. नवा फ्लॅट बिल्डरकडून घेत असाल आणि प्रकल्प रेरात असेल तर बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं त्याच्यावर असते. जुन्या घराला ती ढाल नाही.

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा असा की विकणाऱ्याला गाडी आतून माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि चांगली गाडी असणारा बाजारातून निघून जातो. घरांच्या बाबतीत थोडा फायदा तुमच्या बाजूने आहे. घर एका जागी उभं असतं, पाहिजे तितक्या वेळा जाऊन ठोकून बघता येतं. त्या पूर्व भागातल्या घरासाठी सहा गिऱ्हाईकं परत गेली नसती तर सातव्याला, टॉवेल कारखान्यातल्या त्या जॉबरला, त्याच्या आवाक्यातल्या किमतीत ते मिळालं नसतं.

एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. ‘घर पसंत आहे, तिरपी भेग आहे, विक्रेता दोन दिवसांत इसार मागतो, काय करावं?’ इसार द्यायचाच असेल तर थोडा द्या आणि इसारपावतीत एक ओळ घाला: इंजिनिअरच्या तपासणीत पायाचा किंवा स्लॅबचा गंभीर दोष निघाल्यास, अथवा हक्काच्या कागदांत त्रुटी निघाल्यास इसार पूर्ण परत. मुदत लिहा, पंधरा दिवस. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. विक्रेता या ओळीला तयार झाला तर उद्याच इंजिनिअर न्या. नाही झाला, तर का नाही ते त्यालाच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.